हिरव्या ठिपक्यांचे सर

रिकामा रकाना दिसला की माझी बोटं शिवशिवतात. लहानपणी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सुटलं नाही, की उरलेल्या चौकटींत मी मनाला येतील ती अक्षरं भरून टाकायचे आणि आईचा ओरडा खायचे. अशा मुलीला सरकारने डेटा एंट्रीची नोकरी द्यावी आणि नेमकं आमच्या सरांच्या शेजारचं टेबल द्यावं, यात कुणाचा काय हेतू होता ते मला अजून कळलेलं नाही.

घाटाकडच्या एका तालुक्याचं आरोग्य कार्यालय होतं ते. तालुक्याचं नाव लिहीत नाही, कारण या हकिकतीत ज्यांची फजिती झाली ती माणसं अजून नोकरीत आहेत आणि भेटली की मला चहा पाजतात. मी नाशिक रोडहून रोज बसने जायचे. काम साधं होतं. गावोगावच्या उपकेंद्रांतून दर सोमवारी कागद यायचे. कोणत्या पाड्यावर हगवणीचे किती, कावीळ किती, तापाचे किती. ते आकडे मी संगणकावर पोर्टलमध्ये भरायचे. संध्याकाळी पाचला पोर्टल बंद व्हायचं आणि त्याआधी सगळं भरून झालं नाही तर जिल्ह्याहून फोन यायचा.

पहिल्याच सोमवारी एका कागदावर पाच-सहा रकाने रिकामे होते आणि प्रत्येकात मधोमध हिरव्या शाईचा एक ठिपका होता. मला वाटलं, पेन गळलं असेल. मी भराभर शून्य टाकत गेले. शेजारून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"ताई, हे शून्य कुठून आणलं?"

"रिकामं होतं, सर."

"रिकामं होतं ना? मग शून्य कुठून आणलं?"

मला वाटलं, यांना ऐकायला कमी येतं. मी आवाज चढवून म्हणाले, "रिकामं म्हणजे शून्यच ना, सर?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत चढवला. "शून्य म्हणजे कुणीतरी घरोघर गेलं, विचारलं आणि एकही आजारी सापडला नाही. रिकामं म्हणजे कुणी गेलंच नाही. या पाड्यावर कोण गेलं होतं विचारायला?"

"कुणी नाही."

"मग तिथे कुणी आजारी नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण पोर्टल रिकामा रकाना घेत नव्हतं. चौकट लाल व्हायची आणि पुढे जाताच यायचं नाही. पाचला वीस मिनिटं कमी होती. सर चहाला उठले तशी मी सगळीकडे शून्य ठोकून कागद पाठवून दिला. ते परत आले, पडद्याकडे बघितलं. आपल्या जागेवर बसून त्यांनी जिल्हा कार्यालयाला पत्र लिहिलं, की पोर्टलमध्ये 'माहिती नाही' असा एक पर्याय द्यावा ही विनंती. असली पत्रं ते मी यायच्या आधीपासून लिहीत होते. त्यांच्या प्रतींची एक जाड फाइल होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'उत्तर आलेले नाही.' मी एकदा म्हणाले, "सर, सरळ लिहा ना, उत्तर देत नाहीत." तर म्हणाले, "देत नाहीत कशावरून? टपालात हरवलंही असेल."

सर आरोग्य पर्यवेक्षक होते. बागलाणातले, उंच, हडकुळे, उन्हाने रापलेले. ऑफिसात सगळे त्यांना मागून ठिपकेसाहेब म्हणत आणि समोर सर. हिरव्या पेनावरून दर नव्या साहेबाशी त्यांचं एकदा वाजायचं, कारण आपल्याकडे हिरवी शाई ही मोठ्या अधिकाऱ्यांची मानतात आणि सर काही मोठे अधिकारी नव्हते. ते शांतपणे सांगायचे, "लाल केला तर चूक वाटते. निळा केला तर दिसत नाही. आणि मी सही कुठे करतोय साहेब, ठिपका देतोय." पुढच्या साहेबापर्यंत प्रश्न मिटायचा.

सरकारी कागदात 'काही नाही' याला निरंक म्हणतात. हा शब्द आला की सर उपकेंद्रातल्या नर्सला फोन लावायचे. "सिस्टर, निरंक म्हणजे विचारून निरंक, की बसल्या जागी निरंक?" पलीकडून सिस्टर सांगायची, "सर, ओढ्याला लय पाणी हाय, पलीकडं जाता नाय आलं." त्यावर सर कधी रागावल्याचं मी ऐकलं नाही. म्हणायचे, "नका जाऊ. जीव सांभाळा. फक्त निरंक लिहू नका, कोरं ठेवा. मी ठिपका देतो." पाणी उतरलं की आधी त्या ठिपक्यांच्या पाड्यांवर जायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. बरोबर सिस्टर असायची, कधी नसायची.

त्यांच्या खांद्याच्या पिशवीत दोन किलोचं लोखंडी माप असायचं, किराणा दुकानातलं. अंगणवाडीत गेले की बाळांच्या वजनकाट्यावर आधी ते ठेवायचे. एका ठिकाणी काट्याने दोन किलोचे अडीच दाखवले. त्या अंगणवाडीतली सगळी पोरं कागदावर बाळसेदार होती. हे माप घेऊन ते एसटीत चढले की पिशवी सीटवर धाडकन आपटायची आणि कंडक्टर विचारायचा, "बाबा, काय विकता?" सर म्हणायचे, "काही नाही. तपासतो." कंडक्टर तिकीट फाडताना त्यांच्याकडे जरा जपून बघायचा.

असा माणूस घराघरांत फार लाडका होतो असं नाही. ऑफिसातल्या एका क्लार्कच्या मुलीचं लग्न ठरलं. पेढे देताना तो कौतुकाने म्हणाला, "मुलगा एकदम निर्व्यसनी आहे." सरांनी पेढा हातात धरून विचारलं, "कोण गेलं होतं विचारायला?" त्यात खवचटपणा अजिबात नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण क्लार्कने पुढे तीन महिने त्यांच्या प्रवासभत्त्याचं बिल दाबून ठेवलं. पावसाचं विचारलं तर म्हणायचे, "इगतपुरीत पडतोय, आत्ता फोन झाला. इथलं संध्याकाळी सांगतो." कोविडच्या दिवसांत सगळा तालुका कसला ना कसला काढा पीत होता आणि जो तो त्यांना येऊन सांगे, अमक्याने घेतला नि बरा झाला. सर ऐकून घेत. मग म्हणत, "घेऊन बरे झाले ते मला भेटायला येतात. न घेता बरे झाले ते कशाला येतील? त्यांना मोजायला कुणी गेलं होतं का?" लोक चिडत. लोकांना काढा हवा होता आणि हे उकळता उकळता पातेलं उतरवत.

एका पावसाळ्यात आमच्या तालुक्याला जिल्ह्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. सगळ्यात जास्त पावसाच्या महिन्यात हगवणीचे रुग्ण शून्य. साहेबांनी ते चौकटीत बसवून आणलं आणि सरांच्या डोक्यावरच्या खिळ्याला लावलं. सर आले, त्यांनी ते वाचलं, खाली उतरवलं, पालथं केलं आणि मागच्या पुठ्ठ्यावर हिरव्या पेनाने पुराने तुटलेल्या सात पाड्यांची नावं लिहिली. खाली लिहिलं, 'येथे कोणी गेलेले नाही.' मग परत सुलटं करून खिळ्याला लावलं. साहेबांना ते कळलं की नाही कोण जाणे. मला कळलं होतं, कारण ती शून्यं माझीच होती. मी बरेच दिवस त्या भिंतीकडे बघणं टाळलं.

तरीही मी सुधारले नाही, हे सांगायलाच हवं. एकदा एका पाड्यावरचं दोन महिन्यांचं बाळ झोपेत गेलं. सकाळी उठलंच नाही. सिस्टरने बालमृत्यूचा फॉर्म पाठवला, त्यात कारणाचा रकाना कोरा. पोर्टलवर कारणांची यादी होती आणि त्यात एकावर बोट ठेवल्याशिवाय सुटका नव्हती. मी 'श्वसनमार्गात दूध जाणे' यावर बोट ठेवलं. आमच्याकडे ही रीतच पडली होती. तान्हं बाळ गेलं आणि काही सापडलं नाही की दूध. डॉक्टर तसं म्हणत, सिस्टर तसं लिहीत, आणि मी तर काय, नुसती बोटं चालवणारी.

सरांनी तो फॉर्म पाहिला. "ताई, हे वाचून त्या बाळाच्या आईला काय कळेल?"

"ती कशाला वाचायला येतेय, सर?"

"ती नाही येणार. पण तिच्या गावात पोचेल. दूध कुणी पाजलं होतं? तिनेच ना?"

दुसऱ्या दिवशी ते पाड्यावर गेले, संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत आले आणि फॉर्मवर लिहिलं, 'कारण समजले नाही.' जिल्ह्याने तो फॉर्म तीनदा परत पाठवला. सरांनी तीनदा तसाच परत केला. चौथ्यांदा जिल्हा दमला. आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसले, कारण दर खेपेला मलाच तो उघडावा लागायचा.

त्यानंतर वर्षभराने आमच्या घरातलं बाळ गेलं.

माझ्या दादाचा मुलगा, अडीच महिन्यांचा. थंडीचे दिवस. दादा पहिल्या पाळीला सातपूरला कंपनीत गेलेला. वहिनीने सकाळी बाळाला उचललं आणि ती ज्या आवाजात मला हाक मारत आली तो मी इथे लिहू शकत नाही. जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, दूध छातीत गेलं असणार. कागदावर तेच लिहिलं. दवाखान्यातून घरी येईपर्यंत ते नक्की झालं होतं आणि दहाव्यापर्यंत त्याला हातपाय फुटले होते. वहिनीने पडून पाजलं. पाजता पाजता हिला झोप लागली. हे कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण प्रत्येक येणारी बाई ते सांगून जायची आणि आमची आई मान हलवायची.

माझी आई दुष्ट बाई नाही. ती वहिनीला कधी टाकून बोलली नाही. पण आल्यागेल्याचं लहान मूल वहिनीने उचललं, की आई कुठूनतरी यायची आणि म्हणायची, "दे इकडे, तू चहा टाक." वहिनी देऊन टाकायची. अशी दोन वर्षं गेली. मी हे बघत होते आणि मला रोज ती पोर्टलवरची यादी आठवायची. याआधी मी ज्या ज्या बायकांच्या फॉर्मवर बोट ठेवलं होतं त्यांच्याकडून गावात कोण कोण मूल काढून घेत असेल, असं मनात यायचं. मग मी उठून काहीतरी काम काढायचे.

वहिनीला परत दिवस गेले. सातव्या महिन्यात एक दिवस ती जेवताना म्हणाली, "बाळाला मी अंगावर पाजणार नाही. आई, तुम्ही बाटलीने वरचं दूध पाजा. मी जवळ झोपणार पण नाही." पुढे पोळीचा तुकडा तसाच. आई म्हणाली, "बघू." त्या 'बघू'त होकार होता. बायकांच्या डॉक्टरांनी खूप समजावलं, असं पुन्हा व्हायचं नाही म्हणून सांगितलं. वहिनी मला म्हणाली, "तेव्हाच्या डॉक्टरांनापण सगळं माहीतच होतं."

तेव्हा मला सर आठवले. ते निवृत्त होऊन सातपूरला मुलाकडे राहत होते. मी फोन केला, सगळं सांगितलं आणि शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाले, "सर, तुम्ही मोठे आहात, तुमचं ऐकतील. एवढं एकदा म्हणा की दूध नव्हतं."

"येतो," ते म्हणाले. "काय म्हणायचं ते आल्यावर बघू."

दुपारी सिटी बसने आले. तीच पिशवी, त्यात तेच दोन किलोचं माप. निवृत्त माणसाला ते कशाला लागत होतं देव जाणे. आईने पाणी दिलं. त्यांनी चप्पल कडेला नीट जोडून ठेवली, वहिनीला समोर बसायला सांगितलं, आईलाही बसवलं आणि मांडीवर एक कोरा कागद घेतला.

मग ते विचारत गेले. बाळ जन्मलं तेव्हा किती भरलं होतं. आदल्या दिवशी सर्दी, ताप? किरकिर? कुठे झोपलं होतं, गादी मऊ की कडक. शेजारी कोण. शेवटचं कधी पाजलं. प्रत्येक उत्तर ते सावकाश लिहून घेत आणि मोठ्याने वाचून दाखवत, बरोबर आहे ना, म्हणून. घाई नाही, हळहळ नाही.

"बसून पाजलं की पडून?"

"बसून," वहिनी म्हणाली. "चार वाजता. थंडी होती म्हणून भिंतीला टेकून बसले होते. मग खांद्यावर घेतलं. ढेकर दिली त्याने. मग झोपवलं."

आई तिच्याकडे बघत राहिली. "हे तू कधी बोलली नाहीस."

"मला कुणी विचारलंच नाही, आई."

आम्ही शिकलीसवरलेली माणसं. मी तर आरोग्य खात्यातली. दोन वर्षं एका ताटात जेवलो आणि हा एक प्रश्न कुणाच्या तोंडून आला नाही. मला स्वतःची फार लाज वाटली.

आई पुढे झुकली. तिच्या आवाजात कधी नव्हे ते आर्जव होतं. "म्हणजे दूध नव्हतंच ना, साहेब?"

मी मनात म्हणाले, म्हणा सर. एकदा म्हणा.

सर म्हणाले, "तेही मला माहीत नाही, ताई."

मला इतका राग आला की मी चहाचे कप उचलून स्वयंपाकघरात निघून गेले, कप भरलेले असताना. हा माणूस आयुष्यभर लोकांना छळत आला ते ठीक. पण समोर सात महिन्यांची पोटुशी बाई बसली आहे, एक शब्द टाकला तर तिचा जन्म सुधारेल, आणि याचे ठिपके सुटत नाहीत. मी ओट्याशी उभी राहून दात आवळत होते तेव्हा बाहेरून आईचा आवाज आला. फार हळू.

"आणि गोधडीने?"

"कुठली गोधडी, ताई?"

"पाचला मी उठले होते. गारठा फार होता. बाळाचं अंग उघडं पडलं होतं. मीच जाड गोधडी घातली त्याच्यावर." मग बांगड्या वाजल्या. "गळ्यापर्यंतच घातली होती. मला वाटतं गळ्यापर्यंतच."

मी दारात आले. वहिनी आईकडे बघत होती आणि आई फरशीकडे. दोन वर्षं आईने हे कुणाला सांगितलं नव्हतं. दूध, दूध म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला ती मान का हलवत होती ते मला तेव्हा कळलं. दूध नव्हतं असं ठरलं असतं तर पुढे काय होतं ते तिला एकटीला ठाऊक होतं.

सरांनी गोधडीचं लिहून घेतलं, बाकी लिहिलं होतं तसंच. वाचून दाखवलं. मग आईकडे बघून म्हणाले, "तेही मला माहीत नाही, ताई." अगदी त्याच आवाजात.

आईने पदर तोंडाला लावला. वहिनी जड अंगाने उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली.

सरांनी त्यांना वेळ दिला. नंतर म्हणाले, "अशी बाळं जातात. तेव्हाच नीट तपासलं असतं तर कदाचित काही कळलं असतं, कदाचित तेव्हाही नसतं. आता आपल्याला ते काढता येणार नाही. पण पुढच्यासाठी काही गोष्टी लोकांनी खरंच मोजून पाहिल्यात. बाळाला उताणं झोपवायचं. गादी कडक. अंगावर जड पांघरूण नको. हे पुढच्यासाठी सांगतो, यावरून मागचं काढत बसायचं नाही. आणि अंगावरचं दूध पाजायचं. ते मोजलेलं आहे, इथे माझा ठिपका नाही."

कागदाच्या तळाशी त्यांनी लिहिलं, 'माहिती देणार : बाळाची आई, बाळाची आजी. मृत्यूचे कारण : समजले नाही.' निळ्या पेनाने सही केली. मग खिशातलं हिरवं पेन काढून शेजारी ठिपका दिला. "याला काही किंमत नाही," ते वहिनीला म्हणाले. "मी रिटायर माणूस आहे." वहिनीने तो कागद दोन्ही हातांनी घेतला. तो अजून तिच्या कपाटात आहे, पहिल्या बाळाच्या लसीच्या कार्डात घडी घालून.

मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. राग ओसरला होता पण सगळा नाही. "सर, तुम्हाला गोधडीचं कसं कळलं?"

"मला कुठे कळलं होतं?"

"मग आई विचारत होती तेव्हा सरळ का म्हणाला नाहीत, की दूध नव्हतं?"

"माहीत नव्हतं म्हणून." मग म्हणाले, "दर घरात एखादी गोधडी असते, असं मला वाटतं. एकावरचं ओझं उचललं की ते दुसऱ्यावर जातं." लगेच पुढे जोडलं, "वाटतं म्हणतोय हं. मोजलेलं नाही."

मुलगी झाली. सर दवाखान्यात आले आणि बाळाचं तोंड बघायच्या आधी त्यांनी पिशवीतलं माप काढून तिथल्या काट्यावर ठेवलं. नर्स भडकली. काट्याने बरोबर दोन दाखवले. "आता ठेवा बाळ," सर म्हणाले. बाळ पावणेतीन भरलं. त्या आकड्यावर त्यांनी इतका विश्वास दाखवला की मलाच भरून आलं.

पहिल्यांदा पाजायला घेताना वहिनीने आईकडे बघितलं. मला वाटलं, आई आता म्हणेल, दे इकडे. आईने कॉटवरची उशी उचलली, थोपटून मऊ केली आणि वहिनीच्या पाठीशी लावली.

ती मुलगी आता चार वर्षांची आहे आणि घरातलं एकही कपाट धड ठेवत नाही. सर गेल्या वर्षी गावी परत गेले, बागलाणात. गुडघे दुखतात. कशाने, असं विचारलं की अहिराणीत म्हणतात, "माले माहीत नही," आणि स्वतःच हसतात. पोर्टलमध्ये म्हणे आता 'माहिती उपलब्ध नाही' असा पर्याय आला आहे. मी त्यांना सांगितलं, तुमच्या पत्रांमुळेच आला असणार, सर. ते म्हणाले, "कशावरून?"

मागच्या महिन्यात शेजारच्या काकू आल्या होत्या. आई खाली बसून मेथी निवडत होती, वहिनी पोळ्या लाटत होती, मी ओट्यापाशी उभी. पलीकडच्या सोसायटीत कुणाच्या तरी सुनेचं तान्हं बाळ झोपेत गेलं होतं. काकूंनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "पडून पाजलं असणार हो. आजकालच्या मुलींना कुठे धीर निघतो."

वहिनीचं लाटणं थांबलं.

आईने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "तुम्ही गेला होतात का तिला विचारायला?" ती म्हणाली.

आईने जुडी परत उचलली आणि पानं खुडायला लागली. थोड्या वेळाने लाटणं फिरायला लागलं.

मी गॅलरीत जाऊन सरांना फोन लावला आणि जसं झालं तसं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही स्वतः ऐकलं, ताई? की कुणी सांगितलं?"

"स्वतः ऐकलं, सर. तिथेच उभी होते."



"मग लिहून ठेवा," ते म्हणाले.

म्हणून लिहिलं.